मध्यंतराची चिठ्ठी

चुऱ्यांच्या घरातलं नवसाचं कीर्तन छप्पन्न वर्षांत एकदाही चुकलं नव्हतं. एका वर्षी सोसायटीत गुडघाभर पाणी शिरलं तेव्हा बुवा टेबलावर उभे राहून गायले होते, आणि करोनात अण्णाने मुलुंडहून सांगितल्याप्रमाणे त्याच्या पुतण्याने, हर्षदने, फोन अँप्लिफायरला जोडून घरातल्या घरात कीर्तन उरकलं होतं. जागा बदलली. वाडी गेली, वाडीच्या जागी सोसायटी आली, अंगणाऐवजी तळमजल्यावरचा हॉल आला. म्हातारे बुवा गेले आणि त्यांच्या जागी त्यांचा मुलगा यज्ञेशबुवा उभा राहू लागला. पण ज्येष्ठ वद्य षष्ठी आणि संध्याकाळचे सहा, हे काही हललं नाही.

नवस दादांचा, म्हणजे आताचे यजमान भाऊ, त्यांच्या वडिलांचा. बोरिवलीच्या त्यांच्या वाडीत मोगरा व्हायचा. पहाटे टोपल्या भरून फुलं शहरात जायची, आणि टोपलीबरोबर दादा जायचे. वाटेवर ते दगडी कॉलेज लागायचं. काळा दगड, उंच कमानी, आत पांढऱ्या कपड्यांतली मुलं. थोरल्याला इथे प्रवेश मिळू दे, दरसाल तुझं कीर्तन करीन, असं दादा पांडुरंगाला बोलले होते. अडुसष्ट साली थोरल्याला प्रवेश मिळाला. दादांनी वाडीत मांडव घातला.

त्या पहिल्याच कीर्तनात एक पद्धत पडली. पूर्वरंग संपला की यजमान बुवांना हार घालतात, अबीर-बुक्का लावतात. त्या मध्यंतरात बुवांनी खिशातून चिठ्ठी काढायची. वर्षभरात घरात जे चांगलं घडलं ते यजमानाने आठ दिवस आधी चिठ्ठीवर लिहून बुवांकडे पोचतं करायचं, बुवांनी त्यावर साकी, म्हणजे दोन ओळींचं पद, रचायची, ज्याचं कौतुक त्याला पुढे बोलवायचं आणि आपल्या गळ्यातला हार उतरवून त्याच्या गळ्यात घालायचा. पहिली चिठ्ठी दादांनी दुसऱ्याकडून लिहून घेतली होती. पहिला हार भाऊंच्या गळ्यात पडला होता.

यंदाची चिठ्ठी भाऊंनी स्वतः लिहिली होती, शाईच्या पेनने, आणि आठ दिवसांपूर्वी स्वतः जाऊन बुवांच्या हातात दिली होती. 'नात चि. रेवती हिस आजोबांच्याच कॉलेजात अकरावी शास्त्र शाखेत प्रवेश.'

तेव्हा यादी अजून लागायची होती. लागणार होती ती नेमकी षष्ठीला सकाळी दहाला. पण भाऊंनी हिशेब करून ठेवला होता. रेवतीला दहावीला त्र्याण्णव पूर्णांक आठ. मागल्या वर्षी यादी त्र्याण्णव पूर्णांक दोनला बंद झालेली. म्हणजे झालंच. बुवांना साकी रचायला वेळ नको का?

सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी हर्षदने फोनवर यादी उघडली. भाऊ देवासमोरून उठून आले. सून उत्तरा हातातली वेलदोड्याची वाटी तशीच धरून उभी राहिली. रेवती सोफ्याच्या हातावर बसली होती, एक पाय हलवत. हर्षदने पडदा खाली सरकवला, वर सरकवला, आणि फोन मुलीच्या हातात दिला.

"चौऱ्याण्णव पूर्णांक चारला क्लोज झालं," ती म्हणाली. "पॉइंट सिक्सने गेलं."

एवढं बोलून ती खोलीत गेली. दार आपटलं नाही, नुसतं लागलं. भाऊंना ते आपटलेलं बरं वाटलं असतं.

मग घरात एकमेकांना दोष देण्याचं काम सुरू झालं, तेही हळू आवाजात, कारण दाराला कान होता. पसंतीक्रम भरताना पहिलं नाव कुठलं टाकायचं यावरून महिन्याभरापूर्वी घरात दोन तट पडले होते. उत्तरा भाऊंच्या बाजूने होती. घराण्याचं कॉलेज आहे, मुलीला हुरूप येईल, असं तिचं म्हणणं. हर्षदचं म्हणणं होतं की मुलीला विचारा. आज उत्तराने बाजू सोडली. तिने आवाज चढवला नाही. शिऱ्यासाठी रवा भाजता भाजता तिने पाठमोरीच सांगून टाकलं की महिनाभर त्या पोरीने या घरात दुसऱ्या कॉलेजचं नाव ऐकलेलं नाही, तर आता तिला वाटणार काय, आपण नापास झालो. त्र्याण्णव टक्क्यांवर नापास.

"मला चौऱ्याऐंशी होते," हर्षद म्हणाला. "साडेशहाऐंशीला बंद झालं होतं. त्या वर्षी चिठ्ठी कोरी गेली होती, आठवतं का, भाऊ? बुवांनी उलटीपालटी करून बघितली. मी पहिल्या रांगेत बसलो होतो. तुम्हीच बसवलं होतं."

ते भाऊंना आठवत होतं. कीर्तन झाल्यावर सगळ्यांदेखत आपण काय म्हणालो होतो, तेही आठवत होतं. आमच्या वेळी चारशे अर्जांतून साठ घेतले, त्यात मी होतो, तेही वाडीत कंदिलाशी अभ्यास करून. हर्षद तेव्हा सोळा वर्षांचा होता. तो आता शेहेचाळीसचा होता, विमा कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता, आणि अजून त्या हॉलमध्ये पहिल्या रांगेत बसत नसे.

"आज तरी पोरीला काही ऐकवू नका," तो म्हणाला आणि हॉलच्या चाव्या घेऊन खाली गेला.

चिठ्ठीत काय लिहिलंय ते घरात कुणालाच माहीत नव्हतं. चिठ्ठीचा मजकूर मध्यंतरापर्यंत गुपित ठेवायचा, हीसुद्धा दादांच्याच वेळची रीत. भाऊंनी देवघराचं दार लावून बुवांना फोन केला. फोन बंद होता. कीर्तनाच्या दिवशी बुवा सकाळपासून मौन धरायचे, फोन बंद ठेवायचे, थेट गादीवर उभे राहिल्यावर तोंड उघडायचे. बापाची शिस्त मुलाने ठेवली होती, आणि त्याचं भाऊंना केवढं कौतुक! दुपारभर त्यांनी अकरा वेळा फोन लावला. मग ठरवलं, बुवा रिक्षातून उतरतील तेव्हा गेटवरच गाठायचं. दोन वाक्यांचं काम. बुवा, ती चिठ्ठी वाचू नका. चूक झाली.

साडेपाचला ते गेटवर जाऊन उभे राहिले. धोतर, नेहरू शर्ट, खांद्यावर उपरणं. वॉचमनने खुर्ची आणली, ती त्यांनी नाकारली. पावणेसहाला रिक्षा आली. हार्मोनियमवाला उतरला, तबलेवाला उतरला, मागून यज्ञेशबुवा उतरले आणि भाऊंच्या पाया पडले. भाऊंनी त्यांना दंडाला धरून बाजूला घेतलं. तोंड उघडलं.

"भाऊ," मागून हाक आली. "अरे, गेटवर काय उभा? मला घ्यायला आलास की काय?"

अण्णा होता. मुलुंडहून दोन बस बदलून आलेला, हातात ती जुनी खाकी पिशवी. पिशवीत पक्कड, टेस्टर, वायरची भेंडोळी. धाकटा भाऊ म्हणजे सत्तर पार केलेला म्हातारा, पण बोरिवलीत पाऊल टाकलं की तो धाकटाच व्हायचा. तार ऑफिसात चौतीस वर्षं नोकरी केली, तारा बंद झाल्या त्याआधीच निवृत्त झाला. कीर्तनाचा माइक आणि स्पीकर दरसाल अण्णा लावायचा. दुसऱ्या कुणाचा हात त्याला चालत नसे. आवाज कुठे फाटतो आणि कुठे घुमतो, हे त्याला नुसत्या कानाने कळायचं. उघड्या रेडिओत बघून तो भाऊंना, बीएस्सी झालेल्या भाऊंना, कुठला व्हॉल्व्ह जळलाय ते सांगायचा, आणि वर हसून म्हणायचा, "मी आपला मॅट्रिक माणूस."

भाऊंच्या तोंडातलं वाक्य तिथेच राहिलं. बुवांपुढे बोलता आलं असतं. हर्षदपुढे, उत्तरापुढेसुद्धा बोलता आलं असतं. अण्णापुढे त्या कॉलेजबद्दल 'चूक झाली' हे शब्द त्यांच्या तोंडून निघेनात.

कारण अडुसष्ट साली चारशे अर्ज नव्हते. साठांची निवड नव्हती. भाऊ सांगायचे ते सदुसष्ट टक्केही नव्हते. त्रेपन्न होते. त्या दिवशी ते घाबरत कॉलेजच्या खिडकीशी गेले, तेव्हा आतला कारकून डबा खात होता. त्याने गुणपत्रिका बघितली, बोटाला लागलेली चटणी पुसली आणि म्हणाला, सायन्स? बसा, जागा आहेत. एवढंच. यादी नाही, मुलाखत नाही, काही नाही. घरी आल्यावर दादांनी मोगऱ्याच्या टोपलीवरून मान वर करून विचारलं, "कठीण होतं का रे?" दादांच्या डोळ्यांत जे होतं ते बघून सतरा वर्षांच्या पोराने सांगितलं, हो, फार कठीण. दादांना इंग्रजी गुणपत्रिका वाचता येत नव्हती. चारशे, साठ आणि सदुसष्ट हे आकडे त्याच संध्याकाळी जन्मले.

तिथवर थांबलं असतं तरी देवाने पोटात घातलं असतं. पण दोन वर्षांनी अण्णा मॅट्रिक झाला, एकसष्ट टक्क्यांनी. दादांनी थोरल्यालाच विचारलं, अण्णाचं होईल का रे तिथे? सदुसष्टवाल्याला जिथे जेमतेम जागा मिळाली, तिथे एकसष्टवाल्याला मिळते असं कसं सांगणार? सांगितलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता. "नाही व्हायचं," भाऊ म्हणाले होते. अण्णा पलीकडे सायकलची चेन बसवत होता. त्याने मान हलवली, चेन बसवली, हात धुतले. पुढच्या महिन्यात तो तार ऑफिसात चिकटला.

हे भाऊंनी कुणाला सांगितलं नाही, बायकोलाही नाही. ती गेली त्याला नऊ वर्षं झाली. दरसाल कीर्तनात भाऊंच्या डोळ्यांना पाणी यायचं, आणि सोसायटीतले लोक म्हणायचे, भाऊंची भक्ती बघा.

"चल ना, कार्यक्रमाला उशीर होईल," अण्णा म्हणाला. त्याने बुवांची झांजांची पिशवीही दुसऱ्या हातात घेतली आणि तिघे आत गेले.

हॉल भरला होता. पुढे बायका, मागे खुर्च्यांवर गुडघे धरणारी मंडळी, दाराशी मुलं. गुजराती शेजारीणसुद्धा दरसाल यायची; अर्थ कळत नाही पण गोड लागतं, म्हणायची. रेवती आईजवळ बसली होती, तिसऱ्या रांगेत, केस नीट बांधून. भाऊंनी तिच्याकडे बघितलं. तिने बघितलं नाही.

अण्णाने माइकवर टिचकी मारली आणि बुवांनी नमन धरलं. आवाज लागला होता. चिपळ्या खणखणीत, पायांत लय. भाऊंना एरवी पहिल्या ओळीलाच सगळं विसरायला व्हायचं. पेन्शन, गुडघा, शेजारचं बांधकाम. आज गाणं कानापाशी येऊन परत जात होतं. बुवांनी विषय घेतला होता नामाचा. तरुण बुवा, आजची उदाहरणं देणारा. म्हणाले, मंडळी, देवाच्या दारात यादी लागत नाही. तिथे कट-ऑफ नाही. तिथे कुणी गुणपत्रिका मागत नाही, आणि उशिरा आलास म्हणून परत पाठवत नाही. लोक हसले. उत्तराच्या पाठीचा कणा ताठ झालेला भाऊंना मागून दिसला. ही थट्टा बुवांना चिठ्ठीवरूनच सुचली होती, हे हॉलमध्ये बुवांखेरीज एकाच माणसाला ठाऊक होतं.

पूर्वरंग संपला. झांज थांबली. हर्षदने ताट आणलं. भाऊ उठले, बुवांच्या गळ्यात हार घातला, कपाळी बुक्का लावला. बुवांचा कान त्यांच्या तोंडापासून वीतभर होता. आत्ता. भाऊंनी श्वास घेतला. ताटापलीकडे अण्णा अँप्लिफायरजवळ मांडी घालून बसला होता, आणि आपल्याकडे बघून हसत होता. भाऊंनी श्वास सोडला आणि जागेवर येऊन बसले.

बुवांनी चिठ्ठी काढली. घरासाठी चार आशीर्वाद बोलले, नवसाची गोष्ट सांगितली, दादा, मोगरा, चारशे अर्ज, साठ जागा. ती त्यांना पाठ होती, बापाकडून आलेली. मग हार्मोनियमने सूर दिला आणि बुवांनी साकी धरली.

आजोबांनी दार उघडले, नात शिरे त्या दारी,
कुळदीपक ही लेक आमुची, कीर्ति तिची हो भारी.

टाळ्या पडल्या. कुणीतरी "वा, रेवती" म्हणालं. गुजराती शेजारणीने मागे वळून तिच्या गालाला हात लावला. हर्षद दाराशी उभा होता. त्याने बापाकडे असं बघितलं की भाऊंनी नजर सतरंजीच्या रेघेवर ठेवली.

"या, रेवतीताई, पुढे या," बुवा म्हणाले.

भाऊंना वाटलं, ती रडेल. वाटलं, उठून निघून जाईल, आणि ते बरंच होईल. ती उठली. ओढणी सारखी केली. बायकांच्या रांगेतून वाट काढत पुढे आली आणि वाटेत एकदाच, क्षणभर, आजोबांकडे बघितलं. राग नव्हता. तिने नुसतं बघून घेतलं की आजोबांना हे हवं आहे ना. मग तिने बुवांपुढे मान वाकवली, म्हणजे हार घालायला सोपं जावं.

ती आपली लाज झाकायला निघालीय. सोळा वर्षांची पोर. अख्ख्या सोसायटीपुढे खोटा हार घालून घ्यायला तयार झालीय, आपल्या आजोबाचं तोंड राहावं म्हणून. आणि आपण सतरंजीची रेघ बघतोय.

"बुवा, थांबा," भाऊ म्हणाले.

दोन माणसांनी ऐकलं असेल. भाऊ गुडघ्यावर हात रेटून उठले आणि माइकजवळ गेले. बुवा हार तसाच धरून बाजूला झाले.

"तिला प्रवेश मिळालेला नाही," भाऊ म्हणाले. "यादी आज सकाळी लागली. चिठ्ठी मी आठ दिवसांपूर्वी लिहिली. तिची काही चूक नाही. ती बोलली असती, पण माझ्यासाठी गप्प राहिली."

मागच्या खुर्च्यांवरून ऐकू येत नाही, असं कुणी म्हणालं. अण्णाने हात लांब करून बटण फिरवलं. भाऊंचा आवाज एकदम भरून आला, भिंतीपर्यंत गेला. अण्णाने खुणेने विचारलं, ठीक? आणि मग, भावाची अडचण झालीय हे बघून, बसल्या जागेवरून मोठ्याने म्हणाला, "असू दे रे, भाऊ. तुझ्यासारखं सगळ्यांना कुठे जमतंय? मला तरी जमलं का? या घरात एकच निघाला तसा."

लोक हसले. सुटल्यासारखे हसले. सगळ्यांना वाटलं, झालं, प्रसंग टळला. आता बुवा उत्तररंग धरतील. भाऊंना खाली बसता आलं असतं. पाय वळलेसुद्धा होते.

"नाही, अण्णा," ते म्हणाले. माइकमधून.

आणि सांगितलं. सलग नाही सांगता आलं. त्रेपन्न म्हणाले, मग थांबले, मग कारकुनाचा डबा आणि चटणी सांगितली, जी सांगायची काही गरज नव्हती. चारशे अर्ज हे आपण वाडीच्या बांधावर उभं राहून रचले, असं सांगितलं. आमच्या मनोरीच्या खाडीत ओहोटीला माणूस गुडघाभर पाण्यातून पलीकडे जातो, म्हणाले. मी तसा गेलो आणि जन्मभर पोहून आलो म्हणून सांगत राहिलो. हर्षद आला तेव्हा पाणी गळ्यापर्यंत होतं. हिच्या वेळी डोक्यावरून गेलं. आणि काठावर उभा राहून मी दोघांना विचारत होतो, पोहता कसं येत नाही.

"आणि सत्तर साली," भाऊ म्हणाले, "दादांनी मला अण्णाचं विचारलं. अण्णाला माझ्यापेक्षा आठ टक्के जास्त होते. मी म्हणालो, नाही व्हायचं."

अण्णाचा हात बटणावर होता. भाऊ त्या हाताकडे बघत होते. तो बटण मागे फिरवेल, आवाज बंद होईल, असं त्यांना वाटलं. कदाचित तसं व्हावं असंही वाटलं. हात हलला नाही.

"खिडकी उघडी होती?" अण्णाने विचारलं. त्याच्याजवळ माइक नव्हता. तरी सगळ्यांना ऐकू आलं.

"जुलै संपेपर्यंत उघडी होती."

अण्णाने मान हलवली. त्या दिवशी सायकलची चेन बसवताना हलवली होती तशीच. मग खाली बघून त्याने एक सैल झालेली वायर हातात घेतली, ती पुन्हा घट्ट बसवली आणि बुवांकडे बघून म्हणाला, "बुवा, घ्या पुढे. आवाज ठीक आहे."

यज्ञेशबुवा भला माणूस. त्याच्या हातात हार होता आणि कुणाच्या गळ्यात घालायचा ते त्याला कळेना. शेवटी त्याने तो पांडुरंगाच्या तसबिरीला घातला आणि रेवतीच्या कपाळी बुक्का लावून तिला आईकडे पाठवलं. उत्तररंग त्याने ठरलेला सोडून दिला आणि नुसतं नाम धरलं. लोकांनी हळूहळू टाळ्यांचा ठेका दिला. भाऊही टाळ्या वाजवत होते. त्यांचे हात एकमेकांना लागत होते, एवढंच.

आरती झाली, शिरा वाटला गेला. एरवी लोक रेंगाळायचे. आज द्रोण हातात घेऊनच निघाले. जाता जाता काहींनी भाऊंना नमस्कार केला, नेहमीपेक्षा जरा खाली वाकून, आणि ते त्यांना जास्त लागलं. हर्षद सतरंज्या गुंडाळत होता. भाऊ त्याच्याजवळ जाऊन उभे राहिले. त्याला काहीतरी म्हणायला हवं होतं. तीस वर्षांचं होतं.

"दुसरं टोक धरा," हर्षद म्हणाला. भाऊंनी धरलं. दोघांनी मिळून चार सतरंज्या गुंडाळल्या. बोलणं त्याच्यापुढे गेलं नाही, पण त्याने पाचवीचंही टोक बापाच्याच हातात दिलं.

कीर्तन संपल्यावर अण्णा दरसाल थोरल्या भावाच्या पाया पडायचा. आज तो पिशवी भरत होता. भाऊ त्याच्यापुढे गेले आणि गुडघ्याचं दुखणं सोसत खाली वाकू लागले. अण्णाने पाय मागे घेतले.

"ते नको," तो म्हणाला. "मोठा आहेस. मला पाप नको लावूस." आवाजात राग नव्हता, ओलावाही नव्हता. वायरचं भेंडोळं त्याने कोपर आणि अंगठ्याभोवती सावकाश गुंडाळलं, त्याला दोरी बांधली. मग इकडेतिकडे बघितलं. रेवती दाराजवळच्या पायरीवर शिऱ्याचा द्रोण मांडीवर ठेवून बसली होती, न खाता. अण्णा जाऊन तिच्या शेजारी बसला.

"तुला मिळालं कुठलं गं?" त्याने विचारलं.

भाऊ हॉलमध्येच थबकले. उत्तराचा हात भांड्यावर थांबला. सकाळी दहापासून हा प्रश्न घरात कुणीही विचारला नव्हता. मिळालं नाही, एवढंच सगळ्यांनी धरलं होतं.

"मालाडचं," रेवती म्हणाली. "माझं तिसरं प्रेफरन्स होतं. खरं म्हणजे मला तेच हवं होतं, अण्णाआजोबा. फिजिक्सची लॅब मस्त आहे तिथली. ओपन डेला बघून आले होते."

"लॅबमध्ये काय काय आहे?"

ती सांगायला लागली. आधी एकेक शब्द, मग भराभर. ऑसिलोस्कोप आहे, जुना रेडिओ उघडून ठेवलाय मुलांना बघायला. अण्णा मध्येच काहीतरी विचारायचा, आणि तिला उत्तर येत नसलं की स्वतःच सांगायचा. सांगता सांगता तिने शिरा खाऊन संपवला.

"प्रवेश घ्यायला कधी जायचंय?"

"उद्या. कागदपत्रं घेऊन. बाबांना सुट्टी नाहीये, आई येणार आहे."

"मी येतो," अण्णा म्हणाला. "आज इथेच राहतो. तुझ्या आईला काम असेल घरात. मी येतो तुझ्याबरोबर."

"तिथे लाईन असेल हो. दोन तास उभं राहायला लागेल."

"राहू की. कॉलेजच्या खिडकीपाशी उभं राहायला मला आवडेल."

भाऊ दारापर्यंत आले होते. त्यांच्या हातात अण्णाची पिशवी होती. हर्षदने आणून दिली होती की त्यांनीच उचलली होती, हे त्यांच्या ध्यानात नव्हतं.

"मीही येऊ का?" त्यांनी विचारलं.

रेवतीने अण्णाकडे बघितलं. अण्णाने भावाच्या हातातली पिशवी घेतली, मांडीवर ठेवली, आणि खूप वेळ पिशवीच्या बंदाशी चाळा केला.

"नको, भाऊ," तो म्हणाला. "एकदा मला जाऊ दे."